हेन्रिक लार्सनची धाव: बॉक्समध्ये बॉलच्या आधी कसं पोहोचायचं

उंची जेमतेम १.७७ मीटर. तरी युरोपातल्या धिप्पाड सेंटर-बॅकच्या (बचावफळीतल्या मधल्या डिफेंडरच्या) डोक्यावरून हेडर मारणारा, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबसाठी सात हंगामांत २४२ गोल करणारा आणि स्वीडनच्या जर्सीत १०६ सामन्यांत ३७ गोल टाकणारा हेन्रिक लार्सन हा मध्यम चणीच्या फॉरवर्डसाठी (गोल मारणाऱ्या पुढच्या खेळाडूसाठी) सगळ्यात उपयोगी गुरू आहे. स्वीडनच्याच झ्लाटन इब्राहिमोविचच्या उड्या बघायला भारी वाटतात, पण त्या शिकता येत नाहीत. लार्सनचा खेळ शिकता येतो, कारण त्याचा बराचसा भाग पाय बॉलला लागण्याआधीच घडून गेलेला असतो. तो भाग कसा बघायचा आणि मैदानावर कसा घोटायचा, ते इथे सांगितलं आहे.

सामान फार लागत नाही. पूर्ण मापाचा एक गोल (७.३२ मीटर रुंद, २.४४ मीटर उंच), ८ कोन (जमिनीवर खुणेसाठी ठेवायचे शंकू), ८-१० बॉल आणि चार-पाच जण पुरतात. बॉल ५ नंबरचा, ४१० ते ४५० ग्रॅमचा. हवा मात्र कमीच ठेवा, साधारण ९-१० पीएसआय (पंपावर दिसणारा हवेच्या दाबाचा आकडा). टणक फुगवलेल्या बॉलने हेडरचा सराव केला की दुसऱ्या दिवशी पोरं डोकं पुढे घालायलाच घाबरतात.

आधी बघायला शिका

२१ मे २००३, सेव्हिल, यूएफा कपची फायनल, सेल्टिक विरुद्ध पोर्टो. लार्सनचे दोन्ही गोल हेडरने आले. सेल्टिक ३-२ ने हरलं, तेही जादा वेळेत, पण फॉरवर्डच्या अभ्यासाला याहून चांगला सामना मिळणं कठीण. पहिला गोल घ्या. उजवीकडून दिदिए अगातचा क्रॉस (बाजूने बॉक्समध्ये टाकलेला बॉल) येतो आणि लार्सन फार पोस्टकडून, म्हणजे क्रॉसपासून लांबच्या खांबाकडून, हेडर उलट दिशेला, गोलकीपरच्या डोक्यावरून लांबच्या कोपऱ्यात सोडतो.

हा गोल बॉलकडे बघत पाहिलात तर हाती काही लागणार नाही. क्लिप अर्ध्या वेगाने लावा आणि क्रॉस सुटायच्या तीन सेकंद आधी थांबवा. मग स्क्रीनवरचा बॉल हाताने झाका आणि फक्त लार्सनकडे बघा. वहीत चार गोष्टी लिहा: तो कुठल्या डिफेंडरच्या पाठीमागे उभा आहे, त्याचं पहिलं पाऊल कुठल्या दिशेला पडतं, दिशा कधी बदलते, आणि बॉल येतो तेव्हा तो धावत असतो की उभा. एका क्लिपला पंधरा मिनिटं द्या. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त क्लिप नकोत, पुढे डोळे फक्त गोल बघायला लागतात.

दुसरी क्लिप १४ जून २००४ ची, युरो स्पर्धेतली, लिस्बनमध्ये स्वीडन विरुद्ध बल्गेरिया. डावीकडून एरिक एडमनचा क्रॉस आणि लार्सनची आडवी झेप. २००२ च्या वर्ल्ड कपनंतर त्याने राष्ट्रीय संघाला रामराम ठोकला होता आणि या स्पर्धेसाठी तो परत आला होता. झेप सगळ्यांच्या लक्षात राहते. तिच्या आधीची धाव बघा: डिफेंडरच्या पुढे शिरायला त्याला एका पावलाची जागा मिळते आणि तेवढी त्याला पुरते.

दुहेरी धाव

हा सगळ्या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी वीस मिनिटं.

मांडणी अशी करा. एक कोन गोलसमोर १८ मीटरवर, म्हणजे बॉक्सच्या रेषेच्या जरा बाहेर. तिथून फॉरवर्ड निघणार. दोन कोन ५.५ मीटरच्या छोट्या बॉक्सच्या रेषेवर, एक निअर पोस्टच्या (क्रॉसच्या बाजूच्या जवळच्या खांबाच्या) समोर आणि एक फार पोस्टच्या समोर. पेनल्टी स्पॉटवर (११ मीटर) एक डिफेंडर. सुरुवातीला त्याने फक्त उभं राहायचं, बॉल काढायचा नाही. क्रॉस टाकणारा उजव्या बाजूला, गोललाइनपासून १५-१८ मीटरवर, टचलाइनच्या पाचेक मीटर आत.

क्रॉस टाकणारा बॉल घेऊन पुढे येतो. फॉरवर्ड पाऊण वेगाने फार पोस्टकडे तीन-चार पावलं टाकतो. डिफेंडर त्याच्याबरोबर सरकला की फॉरवर्ड बाहेरच्या पायावर जोर देऊन एकदम निअर पोस्टकडे, पूर्ण वेगाने, डिफेंडरच्या पुढून शिरतो. पुढच्या वेळी उलटं: आधी निअरची हूल, मग मागे वळून फार पोस्ट. दहा-दहा वेळा दोन्ही बाजूंनी.

खरी गंमत दिशा बदलायच्या क्षणात आहे. तो क्षण फॉरवर्डने स्वतःच्या मर्जीने ठरवायचा नसतो, तो क्रॉस टाकणाऱ्याच्या अंगावर वाचायचा असतो. मारण्याआधी खेळाडू बॉल शेवटचा एकदा अर्धा-एक मीटर पुढे ढकलतो आणि मान खाली घालतो. मान खाली गेली की सुटायचं. मान वर असताना सुटलात तर फसलात, कारण त्याला अजून तुम्ही दिसताय, तो थांबू शकतो, पास मागे देऊ शकतो, आणि तुम्ही मात्र निअर पोस्टवर जाऊन उभे.

लवकर पोहोचणं ही नव्या फॉरवर्डची पहिल्या नंबरची चूक. लवकर पोहोचला की थांबावं लागतं, थांबला की डिफेंडरचा हात पाठीला लागतो, आणि उभ्या जागेवरून मारलेली उडी धावत्या माणसापुढे कमीच पडते. उशीर झाला तर बॉल हुकतो, पण पुढच्या वेळी अर्धा सेकंद आधी निघता येतं. म्हणून शिकवताना उशिराच्या बाजूने चुकू द्या.

डिफेंडरपासून किती लांब उभं राहायचं? साधारण दीड मीटर, त्याच्या खांद्याच्या मागच्या बाजूला, जिथून त्याला बॉल आणि तुम्ही एकाच वेळी दिसणार नाहीत. खूण सोपी आहे. तो मान वळवून तुम्हाला शोधत असेल तर जागा बरोबर. त्याचे हात जर्सीला लागत असतील तर जवळ गेलात. आणि तो तुमच्याकडे बघतच नसेल, निवांत असेल, तर इतके लांब आहात की धोका वाटत नाही.

पाच-सहा सत्रांनंतर डिफेंडरला मोकळा सोडा. आता त्याने बॉल काढायचा. इथे निम्म्या धावा फसतील आणि पोरं हिरमुसतील. त्यांना सांगा की फसलेल्या धावेनेही जागा मोकळी होते आणि मागून येणारा मिडफिल्डर ती वापरतो. लार्सनच्या अवतीभवती खेळणाऱ्यांनाही गोल मिळत गेले, त्यामागे हेच होतं.

हेडर

सुरक्षेचं आधी. ग्लासगो विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू सर्वसामान्यांच्या साधारण साडेतीन पट आढळले. त्यानंतर २०२० मध्ये स्कॉटिश फुटबॉल असोसिएशनने १२ वर्षांखालच्या मुलांचा हेडरचा सराव बंद केला. २०२२ मध्ये व्यावसायिक क्लबांनाही सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडरचा सराव करू नका असं सांगितलं. ज्या देशात लार्सनचे हेडर गाजले, तिथलाच हा नियम आहे, तेव्हा तो पाळा. १२ वर्षांखालच्या मुलांना फक्त धाव आणि उडी शिकवा, बॉल हाताने झेलायला लावा. मोठ्यांना आठवड्यातून एकच सत्र, खऱ्या क्रॉसवर जास्तीत जास्त दहा हेडर. डोकं दुखलं, गरगरलं की त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला.

सुरुवात हलक्या बॉलने करा, व्हॉलीबॉल चालतो. पाच मीटरवरून हाताने फेकायचा, सहा-सहाचे दोन संच. हनुवटी छातीकडे ओढलेली, मान ताठ, डोळे बॉल लागेपर्यंत उघडे. लागायची जागा म्हणजे केसांच्या रेषेच्या जरा खाली, कपाळाचा सपाट भाग. टाळूवर लागला तर दुखतो आणि बॉल वर उडतो. दुखण्यामागे बहुतेक वेळा डोळे मिटणं हेच कारण असतं: डोळे मिटले की मान आपोआप आखडते आणि कपाळाऐवजी टाळू पुढे येते.

मग उडी. तीन-चार पावलांची धाव, शेवटचं पाऊल जरा लांब, उडी एका पायावरून, दुसरा गुडघा वर. हात कोपरात वाकवून बाजूला, तोल सांभाळण्यापुरते. कोपर खांद्याच्या वर गेलं तर फाउल. लार्सन हवेत 'थांबतो' असं वाटायचं. उडी घेतल्यावर पाय पोटाकडे ओढले आणि उंचीच्या टोकाला खाली सोडले, तर शरीराचा तोलबिंदू आपल्या ठरलेल्या कमानीतूनच जातो, पण डोकं काही क्षण जवळपास एकाच उंचीवर राहतं. बुटक्या फॉरवर्डला तेवढे क्षण पुरतात. त्यासाठी उडी डिफेंडरच्या किंचित आधी मारायला हवी. त्याच्याबरोबर उडालात तर उंच माणूसच जिंकणार.

सेव्हिलचे दोन गोल दोन वेगळ्या हेडरचे आहेत, आणि दोन्ही वेगवेगळे घोटावे लागतात. दुसरा गोल ॲलन थॉम्पसनच्या कॉर्नरवरचा, जोरकस: बॉलच्या वरच्या अर्ध्यावर कपाळ आणि कमरेतून झटका, म्हणजे बॉल खाली जातो. पहिला हळुवार: कपाळ बॉलच्या खालच्या अर्ध्याला आणि क्रॉसचा वेग आहे तेवढाच वापरायचा, झटका द्यायचा नाही. फार पोस्टवर असाल आणि गोलकीपर तुमच्याकडे सरकत येत असेल, तर बॉल तो जिथून निघाला त्याच बाजूला परत पाठवा. मागे वळणं त्याला जमत नाही.

आडव्या झेपेचा हेडर कोरड्या, खडीच्या मैदानावर करू नका. जिमची जाड मॅट किंवा ओलं गवत नसेल तर हा भाग सरळ सोडून द्या. मनगट मोडण्याइतका तो महत्त्वाचा नाही.

पॅरिसमधले दोन टच

१७ मे २००६, चॅम्पियन्स लीगची फायनल, स्टेड द फ्रान्स. आर्सेनलचा गोलकीपर लेमन १८ व्या मिनिटाला रेड कार्ड मिळून बाहेर गेला होता, तरी बार्सिलोना ०-१ मागे होती. ६१ व्या मिनिटाला लार्सन आत आला. ७६ व्या मिनिटाला इनिएस्ताचा जमिनीवरून जोरात आलेला पास त्याने अडवला नाही, नुसता पाय लावून वळवला. एटो त्याच क्षणी धावत होता, त्याने गोल केला. चार-पाच मिनिटांनी बेलेट्टीकडून बॉल आला. या वेळी लार्सन क्षणभर थांबला, बेलेट्टीला बॉक्समध्ये शिरू दिलं आणि मग त्याच्या वाटेत बॉल सरकवला. २-१. सामन्यानंतर आर्सेनलच्या थिएरी हेन्रीनेच सांगितलं की फरक पाडला तो लार्सनने.

पहिल्यात एक टच, दुसऱ्यात थांबणं. कुठे काय करायचं याचा नियम एका वाक्यात मावतो: साथीदार आधीच धावत असेल तर बॉल थांबवू नका, आणि तो अजून सुटायचा असेल तर बॉल आणि डिफेंडर यांच्यामध्ये अंग घालून तो सुटेपर्यंत धरून ठेवा.

सरावासाठी त्रिकोण करा. पास देणारा १२ मीटरवर, फॉरवर्ड गोलकडे पाठ करून डिफेंडरच्या पुढ्यात, आणि धावणारा फॉरवर्डच्या बाजूला ६ मीटरवर. धावणाऱ्याने कधी सुटायचं ते स्वतःच्या मनाने ठरवायचं, कधी पास सुटताच, कधी दोन सेकंदांनी. आधी सांगायचं नाही. फॉरवर्डने बॉल येईपर्यंत दोनदा खांद्यावरून मागे बघायचं: एकदा पास सुटण्याआधी, एकदा बॉल वाटेत असताना. दुसरी नजर बहुतेक जण टाकत नाहीत, आणि सगळे पास तिथेच चुकतात. दहा-दहाचे तीन संच.

टच देताना घोटा सैल ठेवा, बॉल पायाच्या बाहेरच्या किंवा आतल्या कडेने 'चाटून' जाऊ द्या. पाय ताठ ठेवला तर बॉल तीन मीटर लांब उडतो आणि डिफेंडरचा होतो. पास साथीदाराच्या पायात देऊ नका, दोनेक मीटर पुढे द्या, इतक्याच वेगाने की त्याला न थांबता शॉट मारता येईल.

गोलकीपर समोर असताना

ऑगस्ट २००० मध्ये सेल्टिकने रेंजर्सला ६-२ हरवलं. त्यात लार्सनने डिफेंडर कोंटरमनच्या पायांमधून बॉल काढला आणि पुढे आलेल्या गोलकीपर क्लोसच्या डोक्यावरून अलगद उचलून टाकला. त्याच वर्षी युरो स्पर्धेत इटलीविरुद्ध त्याने गोलकीपर टोल्डोला चकवून बाजूने बॉल नेला. गोलकीपर पुढे येऊन अजून उभा असेल, पाय फाकलेले असतील, तर बॉल बाजूने न्या. तो खाली बसायला लागला असेल तर वरून. चिप (वरून उचलून टाकलेला बॉल) मारताना पायाची बोटं बॉलच्या खाली खुपसायची आणि पाय तिथेच थांबवायचा. पाय पुढे गेला की बॉल बारवरून. २० मीटरवरून निघून दिवसाला आठ वेळा, गोलकीपरने दर वेळी वेगळं करायचं.

पेनल्टीचंही इथेच. १९९४ च्या वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलमध्ये रोमानियाविरुद्ध शूटआउटमधली स्वीडनची सहावी पेनल्टी २२ वर्षांच्या लार्सनने घेतली आणि गोल केला. रोमानियाची पुढची पेनल्टी स्वीडनचा गोलकीपर राव्हेलीने अडवली आणि स्वीडन जिंकलं. २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध ०-२ मागे असताना तोच लार्सन बारवरून मारून बसला. इतका अनुभवी माणूसही चुकतो. म्हणून सरावात पेनल्टी दमल्यावर घ्या, ताज्या पायांनी नको: ३० मीटरच्या चार पूर्ण वेगाच्या धावा, लगेच एक पेनल्टी, असं पाच वेळा. बॉल ठेवण्याआधी कोपरा ठरवायचा आणि तो बदलायचा नाही. बारवरून जातोय तर अंग मागे झुकतंय, टेकवायचा पाय बॉलच्या मागे पडतोय. तो बॉलच्या बाजूला आणा.

जागा आणि संघ

सेल्टिकच्या आधी, नेदरलँड्सच्या फायनूर्द क्लबमध्ये लार्सनला पुष्कळदा विंगवर खेळवलं गेलं, मधूनच बाहेर काढलं गेलं. १९९७ मध्ये फायनूर्दच्याच ओळखीतल्या, आता सेल्टिकचा प्रशिक्षक झालेल्या विम यान्सनने त्याला ६,५०,००० पाउंडांत सेल्टिकला नेलं आणि गोलसमोर उभं केलं. पहिल्याच लीग सामन्यात, हिबर्नियनविरुद्ध, सबस्टिट्यूट म्हणून आलेल्या लार्सनचा चुकलेला पास थेट विरोधी चिक चार्नलीकडे गेला आणि त्याने विजयी गोल मारला. यान्सनने तरी त्याला काढलं नाही. मेमध्ये सेंट जॉनस्टनविरुद्ध शेवटच्या सामन्यात लार्सनच्याच गोलने सेल्टिकने लीग जिंकली आणि रेंजर्सची सलग दहावी लीग हुकली. प्रशिक्षकांसाठी सूचना: नव्या फॉरवर्डला एकाच जागेवर किमान सहा-सात सामने द्या, मगच निर्णय घ्या. विंगवर दोन, मध्ये दोन असं फिरवलंत तर तो कुठलीच धाव पक्की करत नाही.

दुखापतीनंतर परत येताना

२१ ऑक्टोबर १९९९ रोजी लिऑनमध्ये लार्सनचा डावा पाय मोडला. २१ मे २०००, बरोबर सात महिन्यांनी, डंडी युनायटेडविरुद्ध हंगामाच्या शेवटच्या सामन्यात तो सबस्टिट्यूट म्हणून उतरला. पुढच्या हंगामात लीगमध्ये ३५ गोल, सगळ्या स्पर्धा मिळून ५३, युरोपचा गोल्डन शू (लीगमधल्या सर्वाधिक गोलांचा पुरस्कार), आणि सेल्टिकला तिन्ही स्थानिक करंडक. नोव्हेंबर २००४ मध्ये बार्सिलोनात असताना गुडघ्याचं लिगामेंट गेलं. तो परत आला तेव्हा बऱ्याचदा बदली म्हणूनही उतरला, आणि पॅरिसची ती २९ मिनिटं अशीच आली.

तुमच्या संघात असं कोणी परतत असेल तर तारखेवर जाऊ नका, पायावर जा. क्रूशिएट लिगामेंटची (गुडघ्याच्या आतल्या मुख्य लिगामेंटची) शस्त्रक्रिया झाली असेल तर नऊ महिन्यांच्या आत सामना नको, डॉक्टर आणि फिजिओची परवानगी तर हवीच. त्यानंतर एका पायावर लांब उडी मोजा: दुखावलेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. बॉक्समधली दुहेरी धाव हाच गुडघ्यावर सगळ्यात जास्त ताण देणारा भाग, म्हणून ती शेवटी आणा. आधी सरळ धाव, मग रुंद वळणं, मग डिफेंडरशिवाय दिशाबदल, आणि सगळ्यात शेवटी डिफेंडरसह. प्रत्येक पायरीला किमान एक आठवडा. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला तर एक पायरी मागे.

पहिला सामना शेवटची १५-२० मिनिटं. बेंचवर बसलेल्या फॉरवर्डच्या हातात वही द्या आणि समोरचे दोन सेंटर-बॅक बघायला सांगा: कोण बॉलकडे बघत राहतो, कोण आपला माणूस शोधतो, पाठीमागून धाव आली की कोण उशिरा वळतो. आत गेल्यावर पहिली धाव त्याच माणसाच्या पाठीमागून.

सामना संपला की त्याच वहीत एक पान वेगळं ठेवा. मैदानाबाहेरच्या कोणालातरी तीन आकडे मोजायला लावा: बॉक्समध्ये किती धावा केल्या, त्यातल्या किती वेळा दिशा बदलली, आणि किती वेळा क्रॉस आला तेव्हा फॉरवर्ड धावत होता. गोलांचा रकाना सुरुवातीचे दोन महिने रिकामाच ठेवा.